त्याच्या पायाचा ब्रेक

१२ फेब्रुवारी

आज कामावर गेले. वस्ताद न्यायला आला होता, कोपऱ्यावरून दोनदा हॉर्न वाजवला. तो आमचा मुख्य मेकॅनिक आणि माझ्या नवऱ्याचा जुना दोस्त, त्यामुळे मी त्याची वहिनी. वर्कशॉपमध्ये सगळे नेहमीसारखे वागले — म्हणजे तसा प्रयत्न करत होते. कॉफीच्या मशीनपाशी गप्पा चालल्या होत्या, मी गेल्यावर थांबल्या. माझ्या टेबलावरची धूळ कोणीतरी पुसून ठेवली होती. शर्यतीची गाडी जॅकवर, चाकं काढलेली. बॅटरीची तपासणी केली. ठीक आहे. संध्याकाळी घरी. जेवले.

१३ फेब्रुवारी

गेटवरचा रखवालदार नवा आहे. म्हणाला, "मास्तर म्हणजे तुमचेच मिस्टर ना? ट्रॅकवर गेले का हो?"

नाही म्हटलं. ट्रॅकवर नाही, गाडीतही नाही. घरी, सकाळी, दाढी करताना. हृदय थांबलं.

त्याला ते पटलं नाही. कोणालाच पटत नाही. आयुष्यभर शर्यतीच्या गाड्या चालवलेला माणूस वॉशबेसिनपाशी कसा जाईल? मलाही पटत नाही. नोव्हेंबरपासून पटवून घेते आहे.

१८ फेब्रुवारी

सासूबाईंनी आज विचारलं, "तुमची ती गाडी वेगळं काय करते तरी?" इतकी वर्षं मुलाला कधी विचारलं नाही. भीती वाटायची.

मी सांगितलं — मागच्या चाकांना इंजिन, पुढच्या चाकांना विजेची मोटर. ब्रेक दाबला की तीच मोटर चाकांना धरून ठेवते, आणि धरता धरता वीज तयार करून बॅटरीत भरते. वळण संपलं की ती वीज परत चाकांना.

"म्हणजे थांबताना साठवते आणि पळताना उधळते."

"हो."

"बरी आहे की. आपल्या घरात साठवणारं कोणी निघालंच नाही."

हसल्या. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. मग उठून आत गेल्या आणि बराच वेळ नळ सुरू होता.

२ मार्च

त्याच्या जागी नवी ड्रायव्हर आली. अंगाने एवढीशी. वस्तादने लगेच नाव पाडलं — चिमणी. तिच्या कानावर गेलं, तर तिने हेल्मेटवर चिमणीचं चित्रच चिकटवून घेतलं. आता वस्तादचीच पंचाईत.

तिला सीट मोठी होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत गाडी एक आणि चालवणारे तिघे. सीटचं कवच सगळ्यात उंच ड्रायव्हरच्या मापाचं करतात. बाकीचे आपापली फोमची गादी त्यात बसवतात, पाळी संपली की काढून नेतात. कवच त्याच्या मापाचं. त्याला कधी गादी लागली नाही.

गादी घालूनही चिमणीच्या मागे फट राहिली. मी बघत उभी होते. वस्तादने मला कुठलातरी पाना आणायला पाठवलं. तो पाना त्याच्या खिशातच होता.

९ मार्च

चाचणी. चिमणी चांगली चालवते, हे कबूल करायला हवं. पण पिटमध्ये, ट्रॅकशेजारच्या आमच्या थांब्यावर, आली, हेल्मेट काढलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, पेडल खोटं बोलतं."

"म्हणजे?"

"नीट धरतं, धरतं आणि मधेच सोडून देतं. दर वेळी नाही. कधी ते कळत नाही, तेच वाईट."

"त्याने कधी तक्रार केली नाही."

"त्यांना सवय झाली असेल."

मी लॅपटॉप मिटला आणि निघून आले. ब्रेकचा सगळा प्रोग्राम माझा. मोटरने किती धरायचं, साधे ब्रेक किती धरतील, हे सगळं आम्ही दोघांनी बसवलेलं आहे. त्याचा पाय, माझे आकडे. ही चार दिवसांची मुलगी मला सवय सांगते.

१० मार्च

वस्ताद म्हणाला, "वहिनी, काल जरा जास्तच झालं." मी म्हटलं, "हॉर्न एकदाच वाजवत जा. सगळी गल्ली जागी होते."

२२ मार्च

खालची गाडी — आमची, घरची — तशीच उभी आहे. सासूबाई म्हणाल्या, "उभी राहून सडेल ती. निदान चालू तरी करून ठेव." खाली गेले. चालवायच्या बाजूने बसवेना. दुसऱ्या बाजूचं दार उघडून वाकून किल्ली फिरवली. टक् टक् झालं, बस.

वस्तादला सांगितलं तर गाडी बाजूला घेऊन हसत सुटला. "शर्यतीची एवढी मोठी बॅटरी सांभाळता आणि घरची मेली!" मलाही हसू आलं. तो नवीन बॅटरी टाकून देणार आहे. सीट तशीच राहू दे, म्हणून सांगितलं. "कशी?" म्हणाला. "मागे आहे तशी." त्याने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

६ एप्रिल

हंगामाची पहिली शर्यत. दुपारपर्यंत आम्ही पुढे होतो. खरोखर पुढे! साहेब — टीमचे प्रमुख, ज्यांना मी कधी बसलेलं पाहिलं नाही — खुर्चीत बसले होते.

मग रेडिओवर चिमणी. "पेडल नाही. पेडल नाही—" आणि गाडी सरळ खडीत. तिला काही लागलं नाही. पुढचा भाग गेला. आमची शर्यत संपली.

परतताना व्हॅनमध्ये साहेब माझ्या शेजारी येऊन बसले. आवाज चढवत नाहीत ते. म्हणाले, "सप्टेंबरच्या मोठ्या शर्यतीपर्यंत ब्रेक सरळ झाला नाही तर पुढल्या वर्षी मोटर काढून टाकू. साधं इंजिन. मला वरती उत्तर द्यावं लागतं."

मी लॅपटॉपची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मास्तर म्हणाले की पेडल ठीक आहे, म्हणून आपण सगळ्यांनी ठीक धरलं. मीसुद्धा. पण ही मांडणी त्यांच्या पायाची आहे. आणि ते नाहीत."

"मला माहीत आहे ते," म्हटलं.

मोटर काढली तर त्याची गाडी उरणार नाही. मोटर ठेवायची तर ब्रेक बदलायचा. त्याचा पाय एवढ्या एकाच ठिकाणी अजून जिवंत आहे, तोही काढायचा.

१४ एप्रिल

चिमणी घरी आली. न बोलावता. सासूबाईंनी दार उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ही एवढीशी ती गाडी चालवते? आधी काहीतरी खा बाई." तिने मुकाट्याने खाल्लं.

मग आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी. ती म्हणाली, "मी मुद्दाम ट्रॅकबाहेर नाही गेले, ताई." मॅडमची ताई कधी झाले कळलं नाही.

"दाखव मला," मी म्हटलं आणि तळहात पुढे केला.

ही आमची रीत होती, त्याची आणि माझी. चाचणीहून आलो की ह्याच टेबलाशी तो मूठ माझ्या तळहातावर टेकवून दाबायचा. माझा हात म्हणजे पेडल. कुठे कडक लागलं, कुठे मऊ, किती वेळ — सगळं हातावर दाखवायचा. शब्दांत सांगायला लागला की लेक्चर व्हायचं, म्हणून मीच ही युक्ती काढली होती.

चिमणीने मूठ दाबली. "तुम्ही मोटर. मला रोखून धरताय. बरोबर. आता बॅटरी भरली. आता हात एकदम ढिला सोडा."

सोडला. तिची मूठ टेबलावर आपटली. पाणी सांडलं.

"असं. साधे ब्रेक लगेच पकडतात, पण मधला तो क्षण पाय हवेत असतो."

"मग त्याचा का नाही गेला हवेत?"

ती जरा विचार करून म्हणाली, "ते आधीच थोडा पाय सोडत असतील. त्यांना चाहूल लागत असेल."

ती गेल्यावर त्याच्या जुन्या फेऱ्यांचे आलेख काढले. पायाच्या दाबाची रेघ. बॅटरी भरत आली की प्रत्येक वेळी, मोटर सोडायच्या जरा आधी, रेघ हलकेच उतरते. प्रत्येक वेळी. त्याचं त्यालाही माहीत नसणार. विचारलं तर म्हणायचा, "पेडल? ठीक आहे की."

आणि हातावर दाखवतानाही तो शेवटी दाब तसाच हलका करायचा. हळूहळू. मला वाटायचं, माझा हात दुखू नये म्हणून.

१५ एप्रिल

म्हणजे ती गाडीची सवय होती.

२७ एप्रिल

काही काम केलं नाही. रोज जाते, आलेख उघडते, बंद करते. वस्ताद विचारत नाही. साहेब लांबून बघतात.

आज सासूबाईंचे पाय दुखत होते. चेपत बसले. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "तुझा हात बरा आहे. पण त्याच्यासारखा नाही."

"तो चेपायचा?"

"शाळेत होता तेव्हापासून. बाकीची पोरं कशी — चेपतात आणि एकदम उठून पळतात, दचकायला होतं. हा दाब हळूहळू कमी करत आणायचा. थांबला कधी ते कळायचंच नाही मला. डोळा लागलेला असायचा." मग एक डोळा उघडून, "तुझे कधी चेपले की नाही?"

"हातावर दाबून दाखवायचा. गाडीचं."

"मग? शेवटी कसा सोडायचा?"

"हळूच."

"हां. त्याचं ते तसंच."

पुन्हा डोळे मिटले. मी चेपत राहिले. गाडीची सवय नव्हती ती. गाडीच्या कितीतरी आधीची होती.

२८ एप्रिल

सकाळी गेल्या गेल्या कामाला लागले. वस्तादने कॉफी आणून ठेवली, ती गार झाली, त्याने दुसरी आणली, तीही गार झाली. तिसऱ्या वेळी म्हणाला, "आता गारच करून आणतो."

काम असं आहे. बॅटरी पूर्ण भरायची वाट मोटरने बघायचीच नाही. भरत आली की आधीच हलकं हलकं सोडायला लागायचं. ती जेवढं सोडेल नेमकं तेवढंच साधे ब्रेक उचलतील. चालवणाऱ्याच्या पायाला पत्ता लागता कामा नये. त्याचा पाय जे करत होता ते आता गाडी करील, चालवणारा कोणी का असेना. इतकं साधं आधी सुचलं का नाही? गरजच पडली नव्हती. तो होता.

९ मे

चाचणी. बऱ्याच फेऱ्या मारून चिमणी आत आली. हेल्मेट न काढताच रेडिओवर म्हणाली, "ताई, बॅटरी भरत नाहीये का आज?"

"भरली. कितीतरी वेळा."

"मोटरने सोडलं कधी मग?"

वस्तादने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पान्याने टेबलावर ताल धरला.

मग साहेब फेरीच्या वेळेचा कागद घेऊन आले. ह्या गाडीची आजवरची सगळ्यात वेगवान फेरी. म्हणजे त्याच्याहूनही. सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले, जणू मी आता रडणार.

वस्ताद म्हणाला, "मास्तर असता तर आठवडाभर तोंड फुगवून बसला असता."

"दोन दिवस," मी म्हटलं. "मग गावभर सांगत सुटला असता की मीच शिकवलं त्या पोरीला."

हसू आवरेना कोणाला. मलाही.

२५ मे

तिसरा नंबर! गाडी शेवटपर्यंत धावली. एकदाही बाहेर नाही.

२२ जून

जिंकलो. सरळ, स्वच्छ, कोणाचं काही बिघडलं म्हणून नव्हे. मोठ्या टीमचा माणूस येऊन आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांकडे वाकून बघून गेला. वस्तादने त्याच्या समोर हळूच ताडपत्री ओढली.

सासूबाईंनी शर्यत टीव्हीवर पाहिली — जन्मात पहिल्यांदा. फोनवर म्हणाल्या, "तो बोलणारा माणूस सारखा दुसऱ्याच गाडीचं बोलत होता. शेवटी मी आवाज बंद केला." मग म्हणाल्या, "तुझी चिमणी छान उडाली." मग, "बंद करते, बिल येतं."

१७ ऑगस्ट

या वेळी दुसरा नंबर. साहेब आज पूर्ण शर्यत बसून होते. मोटर काढण्याचं नाव नाही, पण राहील असंही बोलत नाहीत. मोठी शर्यत पुढच्या महिन्यात.

२१ सप्टेंबर

झाली. जसं आठवतं तसं लिहिते.

सकाळी सुरुवात, दिवस मावळताना शेवट. पहिले दोघे ड्रायव्हर उत्तम चालवून गेले. दुपारनंतर आम्ही आणि ती मोठी टीम, कधी ते पुढे कधी आम्ही. शेवटची पाळी चिमणीची. त्यांना आणखी एकदा इंधन घ्यावं लागणार हे दिसत होतं. आम्हालाही. दोघेही थांबलो तर ते जिंकणार, कारण ते जरा पुढे होते.

साहेब माझ्या मागे येऊन उभे. "न थांबता जमेल?"

सगळे कान माझ्याकडे. मी आकडे पाहिले. नुसत्या इंजिनवर जमणार नव्हतं. पण प्रत्येक वळणावर जरा आधी ब्रेक दाबून, जास्त वेळ धरून, मोटरने मिळेल तेवढं साठवलं आणि इंजिनऐवजी तेच वापरलं तर — जेमतेम. त्यात बॅटरी सारखी काठोकाठ भरणार. म्हणजे जवळजवळ प्रत्येक वळणावर मोटर सोडणार, साधे ब्रेक पकडणार. जिथे एप्रिलमध्ये ती खडीत गेली, नेमकं तेच पुन्हा पुन्हा करायला सांगायचं.

"जमेल," म्हटलं.

"नक्की?"

"ब्रेक माझा आहे, साहेब."

असं मी कधी बोलत नाही. त्यांनी रेडिओचा हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"चिमणे, न थांबता जायचं आहे. लवकर दाब, जास्त वेळ धर. मास्तर चालवायचा तशी."

"बॅटरी भरेल ना ताई?"

"भरू दे. तुझा पाय हलवू नकोस. गाडी हळूच सोडेल."

ती पुढच्या वळणात शिरली. मग, "बरं."

मी स्क्रीनवरची तिच्या पायाची रेघ बघत बसले. दाबली, धरली, सपाट. बॅटरी भरली. मोटरची रेघ उतरायला लागली, ब्रेकची चढायला लागली, आणि तिच्या पायाची सपाट ती सपाटच. पुढचं वळण, तेच. त्याच्या पुढचं, तेच. वस्ताद पाठमोरा उभा होता, त्याच्याने बघवत नव्हतं. सारखं विचारायचा, "वहिनी, आहे ना?" "आहे." "आहे ना?" "अरे आहे!"

मोठी टीम इंधनाला थांबली. आम्ही समोरून निघून गेलो.

चिमणीने शर्यतीची शेवटची रेषा ओलांडली तेव्हा मला काही ऐकूच आलं नाही, कारण वस्तादने मला उचललं होतं आणि माझे हेडफोन पडले होते. पन्नाशीच्या बाईला उचलतात का असं! साहेब रडत होते. एप्रिलपर्यंत त्यांना मी कधी बसलेलंही पाहिलं नव्हतं, रडताना तर सोडाच.

पण खरं सांगायचं ते पुढचं. तपासणीसाठी टाकीत थोडं इंधन उरावं लागतं. म्हणून चिमणीला सांगितलं, इंजिन बंद कर, मोटरवर ये. पिटच्या गल्लीत तोबा गर्दी, आरडाओरडा, आणि त्या गर्दीतून आमची गाडी आली ती आवाज न करता. नुसती चाकांची सळसळ. माणसं बाजूला होत गेली आणि आपोआप गप्प होत गेली. साठवलेल्यावर आली ती घरी. माझ्यासमोर येऊन थांबली. थांबली कधी ते कळलंच नाही.

चिमणी बाहेर आली. हातमोजा काढला, मूठ पुढे केली. मी तळहात धरला. तिने दाबला, आणि मग हळूहळू सोडला.

२३ सप्टेंबर

घरी. सासूबाईंनी शेजारच्या सगळ्यांना दोन दिवसांत शर्यत समजावून सांगितली आहे. "थांबताना साठवते," हे मी ऐकलं. जिन्यातून, दार लावलेलं असतानाही.

२९ सप्टेंबर

साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, मोटर राहणार. पुढच्या दोन गाड्यांतही. ब्रेकची तीच मांडणी. मग एकटीला बाजूला घेऊन म्हणाले, "सीटचं कवच नवीन करावं लागेल. आता सगळ्यात उंच ड्रायव्हर वेगळा आहे. तुमची हरकत नसेल तर."

हरकत नाही म्हटलं. खरंच नव्हती.

वस्ताद मागून आला. "जुनं घरी नेता का, वहिनी?"

"नेऊन करू काय? त्यात आईंना बसवू?"

"बसतील त्या," म्हणाला. "आणि उठायच्या नाहीत."

६ ऑक्टोबर

वस्ताद रजेवर. घरात दूध नव्हतं. खाली गेले, चालवायच्या बाजूचं दार उघडून बसले. पाय पेडलपर्यंत पोचेनात. आरशात नुसतं छप्पर दिसत होतं.

सीटखालचा दांडा ओढून सीट पुढे घेतली. आरसा वळवला. ब्रेक एकदा दाबून पाहिला, सोडला.

दूध घेऊन आले.